पाहुणचार इथला, प्रवास तिथला

रायपूरच्या बूढापारा भागात, बूढा तलावाच्या परिसरात, दे भवन नावाची एक जुनी वास्तू आहे. 1877 ते 1879 या काळात किशोरवयीन नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद, रायपुरात राहिले. त्यांचे ते वास्तव्य या घराशी जोडले जाते आणि म्हणून हे घर प्रसिद्ध आहे. याच घरातला दुसरा एक मुलगा मात्र लोकांच्या आठवणीतून जवळजवळ पुसला गेला आहे. त्याचे नाव हरिनाथ दे, जन्म 1877 चा. रायपुरात वाढलेला हा मुलगा पुढे कलकत्त्याला शिकला, शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात गेला, तीसहून अधिक भाषा शिकला आणि 1907 साली कलकत्त्याच्या इम्पीरियल लायब्ररीचा पहिला भारतीय ग्रंथपाल झाला. 1911 साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तो निवर्तला. त्याच्या विद्येचा लाभ कलकत्त्याला झाला, जगालाही झाला. रायपूरच्या वाट्याला आला तो दे भवनावरचा स्मृतिफलक.

यात हरिनाथांचा काहीच दोष नाही. शिष्यवृत्ती या व्यवस्थेचे स्वरूपच तसे आहे. ती व्यक्तीला निवडते, व्यक्तीला नेते आणि व्यक्तीलाच घडवते. ज्या गावातून ती व्यक्ती निघाली, त्या गावातील शाळा, प्रयोगशाळा वा ग्रंथालय तिच्या हिशेबात कुठेच नसते. सव्वाशे वर्षे लोटली तरी भारताचा परदेशी विद्याव्यवहार मुख्यतः याच वाटेने चालतो. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्यूरी योजनेतील व्यक्तिगत शिष्यवृत्त्यांचा निकाल लागला की युरोपबाहेरील देशांमध्ये भारतीय संशोधक आघाडीवर असतात, आणि दरवर्षी त्याचे अभिमानाने कौतुक होते. कौतुक योग्यच आहे. पण त्याच योजनेचे दुसरे एक अंग आहे, ज्यात व्यक्तीऐवजी संस्था अर्ज करतात, माणसे जातात ती परत येण्याच्या बोलीवर जातात आणि शिकलेले मूळ संस्थेत रुजवणे ही अनुदानाची अटच असते. त्या अंगाचे नाव ‘स्टाफ एक्सचेंजेस’, म्हणजे संशोधन-कर्मचाऱ्यांची देवाणघेवाण. तिथे भारतीय संस्थांची अवस्था कशी आहे, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

ही चर्चा आता व्हायला हवी, कारण वेळ तशी आहे. सप्टेंबर 2025 मध्ये युरोपीय संघाने भारतासंबंधीचे आपले नवे धोरणपत्र मांडले आणि त्यात ‘होरायझन युरोप’ या संशोधन कार्यक्रमाशी भारताला जोडून घेण्याच्या शक्यतेचा विषय आणला. होरायझन युरोपची मुदत 2027 अखेर संपते. 2028 ते 2034 या काळातील पुढच्या कार्यक्रमाचा प्रस्तावही युरोपीय आयोगाने जुलै 2025 मध्ये मांडला आहे. दिल्ली आणि ब्रसेल्स यांच्यात जे ठरेल, त्याचा परिणाम रायपूर, नांदेड, जळगाव अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांवर पुढची दहा वर्षे राहील. म्हणूनच हे गणित विद्यार्थ्यांनीही समजून घेतले पाहिजे.

प्रथम योजनेचे स्वरूप पाहू. किमान तीन वेगवेगळ्या देशांतील तीन स्वतंत्र संस्था एकत्र येतात; त्यांपैकी किमान दोन युरोपीय संघातील किंवा त्याच्या कार्यक्रमाशी संलग्न अशा देशांतील असाव्या लागतात. विद्यापीठ, संशोधन संस्था, लहानमोठे उद्योग, स्वयंसेवी संस्था, सगळ्यांना दार उघडे असते. प्रकल्पाची मुदत चार वर्षांपर्यंत. एक माणूस कमीत कमी एक महिना आणि जास्तीत जास्त बारा महिने भागीदार संस्थेत जाऊन काम करतो आणि परत येतो. एका प्रकल्पाला अशा कर्मचारी-महिन्यांची कमाल मर्यादा 360 आहे. 2021 ते 2024 च्या फेऱ्यांत दर कर्मचारी-महिन्यामागे जाणाऱ्याच्या प्रवास-निवासासाठी 2,300 युरो, संशोधन व प्रशिक्षणासाठी 1,300 युरो आणि व्यवस्थापनासाठी 1,000 युरो, असा एकूण 4,600 युरोंचा दर होता. म्हणजे 360 महिन्यांच्या पूर्ण प्रकल्पाला सुमारे साडेसोळा लाख युरो. पगार यात धरलेला नाही. तो मूळ संस्थेने देत राहायचा असतो. माणूस आपल्या संस्थेचाच राहतो, हे या रचनेतून अधोरेखित होते.

यातील सर्वांत मोलाची तरतूद म्हणजे ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याप्ती. त्यात केवळ प्राध्यापक येत नाहीत. पीएचडीचा विद्यार्थी येतो, उपकरणे सांभाळणारा तंत्रज्ञ येतो, संशोधन प्रकल्पांचे हिशेब आणि करार पाहणारा प्रशासकीय कर्मचारीही येतो. संशोधनाशी संबंध असावा आणि पाठवणाऱ्या संस्थेत किमान एक महिना काम झालेले असावे, एवढीच अपेक्षा. भारतीय विद्यापीठांत लाखो रुपयांची उपकरणे बंद पडून राहतात, ती बहुधा कल्पनेच्या अभावी नव्हे. ती चालवणारा, दुरुस्त करणारा माणूस कधी कुठे शिकायला गेलेला नसतो म्हणून. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांत अत्युच्च निर्वात राखण्याचे काम पुस्तक वाचून येत नाही. ते अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे ज्यांनी वर्षानुवर्षे केले आहे, त्यांच्या शेजारी उभे राहून शिकावे लागते. मोठ्या राष्ट्रीय प्रकल्पाला अशा जाण्यायेण्याची सोय होते. प्रश्न राज्य विद्यापीठातील लहान प्रयोगशाळेचा आहे.

कल्पना करावी की रायपुरातील एखाद्या प्रयोगशाळेने भाताच्या दुष्काळसहिष्णुतेवर चांगले काम केले आहे आणि स्पेन व इटलीतील दोन भातसंशोधन गटांना तिच्याबरोबर देवाणघेवाणीचा प्रकल्प करायचा आहे. अर्ज युरोपीय समन्वयक संस्था दाखल करते. रायपूरची संस्था पोर्टलवर नोंदणी करते, नऊ आकडी ओळखक्रमांक घेते, सहभागाचे हमीपत्र देते. मग अर्जाचा कणा असलेला तक्ता तयार होतो: कोणत्या संस्थेतून कोण, कोणत्या संस्थेत, कोणत्या कामासाठी, किती महिने जाणार. परीक्षक अर्जाला गुण देतात ते तीन कसोट्यांवर: वैज्ञानिक गुणवत्तेला 50 टक्के, परिणामाला 30 टक्के आणि अंमलबजावणीच्या आराखड्याला 20 टक्के. इथवर सगळे न्याय्य आहे.

अन्याय म्हणावा की नियम, हे पुढच्या ओळीत येते. भारत हा युरोपीय कार्यक्रमाशी संलग्न देश नाही आणि ज्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांना आपोआप अनुदान मिळते, त्यांच्या यादीतही तो नाही. ब्राझील आणि चीन हेही त्या यादीत नाहीत. म्हणून स्पेनचा संशोधक रायपुरात सहा महिने राहायला आला तर त्याचा खर्च युरोपीय अनुदानातून होतो. रायपूरची संशोधिका सहा महिन्यांसाठी स्पेनला गेली तर तिचा खर्च रायपूरच्या संस्थेने करायचा. कागदावर दोन्ही बाण काढता येतात, पण पैसा एकाच बाणावर चालतो. आणि ज्या संस्थेकडे रसायने विकत घ्यायला वर्षअखेरीस पैसे उरत नाहीत, ती संस्था युरोपातील सहा महिन्यांचा खर्च कुठून करणार? मग हमीपत्रात लिहिलेले महिने प्रत्यक्षात येत नाहीत, किंवा मुळातच तक्त्यात भारताकडून निघणारे महिने नाममात्र ठेवले जातात. देवाणघेवाणीतील ‘देवाण’ तेवढी शिल्लक राहते. पाहुणचार इथला, प्रवास तिथला.

या एकेरी वाटेने काय होते, हे रायपूरइतके क्वचितच कुणाला ठाऊक असेल. डॉ. राधेलाल रिछारिया हे केंब्रिजचे डॉक्टरेट, कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे माजी संचालक. 1970 च्या दशकात रायपूर येथील मध्य प्रदेश तांदूळ संशोधन संस्थेतून त्यांनी छत्तीसगडच्या गावागावांतून भाताच्या देशी वाणांचे हजारो नमुने गोळा केले. शेतकऱ्यांच्या ज्ञानासह नोंदवलेला हा संग्रह फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या हवाली करण्यास त्यांचा विरोध होता. पुढे त्यांची संस्थाच बंद झाली. तो वारसा आज इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आहे. त्यात वीस हजारांहून अधिक नमुने आहेत. 2002 साली याच संग्रहाच्या संदर्भात विद्यापीठ आणि सिंजेंटा ही बहुराष्ट्रीय कंपनी यांच्यात करार होऊ घातला, तेव्हा छत्तीसगडात शेतकरी व कार्यकर्त्यांचा मोठा विरोध उभा राहिला आणि कंपनीने माघार घेतली.

या दोन्ही प्रसंगांकडे ‘परकीयांपासून सावध’ एवढ्याच नजरेने पाहिले तर अर्धाच धडा हाती येतो. रिछारिया स्वतः केंब्रिजला जाऊन आलेले होते. परदेशी विद्येशी त्यांचे वैर नव्हते. दोन्ही वेळी खरा प्रश्न होता तो देवाणघेवाणीच्या तोलाचा. बियाणे जाणार होते, पण त्याबरोबर इथला माणूस जाणार नव्हता. ज्याच्याकडे प्रयोगशाळा, तो विश्लेषण करणार. ज्याच्याकडे विश्लेषण, तो शोधनिबंधाचा पहिला लेखक होणार. आणि ज्याच्याकडे शेत, त्याचे आभार मानले जाणार. माणसांची दुतर्फा ये-जा असेल तर नमुन्यांच्या देवाणघेवाणीलाही तोल येतो, कारण नमुन्यासोबत त्याचा जाणकार प्रयोगशाळेत उपस्थित असतो. 2002 च्या जैवविविधता कायद्याने नमुने देशाबाहेर नेण्यावर आणि परकी संस्थांशी सहकार्यावर रीतसर नियंत्रण आणले, हे चांगलेच झाले. पण कायदा बियाणे अडवू शकतो. तो माणूस पाठवू शकत नाही. त्यासाठी निधी लागतो.

भारताकडे योजना नाहीत असे मुळीच नाही. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे अनेक देशांशी द्विपक्षीय कार्यक्रम आहेत. जर्मनीच्या डाड या संस्थेबरोबरचा प्रकल्पाधारित ये-जा कार्यक्रम त्यांतलाच. फ्रान्सबरोबरचे उच्च संशोधनाचे संयुक्त केंद्र 1987 पासून काम करते आहे. 2015 ची ज्ञान, 2017 ची वज्र आणि 2018 ची स्पार्क या योजनाही आहेत. पण पहिल्या दोन योजनांचा मुख्य हेतू परदेशी विद्वानांना भारतात आणण्याचा आहे, आणि स्पार्कने भारतीय संस्थांची पात्रता राष्ट्रीय क्रमवारीतील पहिल्या शंभरांशी जोडली. जी संस्था आधीच वर आहे, तिला शिडी मिळते. जी खाली आहे, तिला आधी वर चढून यायला सांगितले जाते. शिवाय यांतील एकही योजना युरोपीय प्रकल्पाच्या वेळापत्रकाशी जुळलेली नाही. युरोपात मंजूर झालेल्या प्रकल्पातील भारतीय महिन्यांसाठी इथे वेगळा अर्ज, वेगळी छाननी, वेगळी प्रतीक्षा. दोन घड्याळे जुळेपर्यंत प्रकल्पाचे पहिले वर्ष निघून जाते.

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. जो प्रकल्प युरोपच्या स्पर्धेतून एकदा गुणवत्तेवर निवडला गेला आहे, त्यातील भारतीय भागीदाराच्या मंजूर महिन्यांचा खर्च भारताने दुसरी परीक्षा न घेता आपोआप द्यावा. संस्था राष्ट्रीय क्रमवारीत कुठे आहे हे विचारू नये. परीक्षकांनी विज्ञान तपासलेलेच आहे. हिशेब सोपा आहे. देशभरातून वर्षाला एक हजार कर्मचारी-महिने गेले आणि दर महिन्याला युरोपच्याच दराने 2,300 युरो दिले, तर 23 लाख युरो लागतील. एका युरोला शंभर रुपये असा ढोबळ भाव धरला तर 23 कोटी रुपये. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी 2023 ते 2028 या पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये उभे करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याच्या तुलनेत एका वर्षाचा हा खर्च म्हणजे हजार रुपयांतील सेहेचाळीस पैसे. प्रतिष्ठानाने आघाडीच्या संस्थांना राज्य विद्यापीठांशी जोडणारी ‘पेअर’ योजना सुरू केली आहेच. त्याच विचाराची ही पुढची पायरी ठरेल.

याला दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा: युरोपने आखलेल्या प्रकल्पासाठी भारताने पैसे का मोजावेत? याचे उत्तर असे की युरोपीय संशोधकांचा भारतातील मुक्काम युरोपच्याच पैशाने होतो. ज्याने त्याने आपल्या माणसाचा खर्च करावा, हे बरोबरीच्या नात्याचे लक्षण आहे; मदतीच्या यादीतून बाहेर पडलेल्या देशाला हे शोभते. खर्च केला की अटी मांडण्याचा अधिकारही येतो: तक्त्यात दोन्ही दिशांचे महिने सारखे असावेत, नमुन्याबरोबर माणूस जावा, निबंधाच्या लेखकांत त्याचे नाव असावे.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे: या नावाखाली परदेश सहली होतील. ही भीती निराधार नाही. तीन दिवसांची परिषद आणि चार दिवसांचे पर्यटन हा प्रकार सर्वांना परिचित आहे. पण या योजनेत महिन्याहून कमी मुक्काम चालतच नाही, प्रत्येक मुक्कामाचे काम आधी ठरलेले असते आणि परतल्यावर ते ज्ञान संस्थेत कसे पोहोचवणार याची योजना अर्जातच द्यावी लागते. सहलीला निघालेला माणूस बहुधा अशा तक्त्यात नाव घालायला धजत नाही.

खरी अडचण संस्थांच्या आत आहे आणि ती दिल्लीकडे बोट दाखवून सुटणारी नाही. प्राध्यापक सहा महिने गेला तर तास कोण घेणार? कर्तव्यरजा केवळ कायम कर्मचाऱ्यालाच मिळत असेल, तर कंत्राटी तंत्रज्ञाने जायचे कसे? परदेशी जाण्याच्या परवानगीची फाइल किती टेबलांवरून फिरणार? हमीपत्रावर सही करण्यापूर्वी ज्या विद्यापीठाने या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे तयार केली, त्याचा अर्ज अंमलबजावणीच्या कसोटीवर भक्कम ठरेल. बाकीच्यांची हमीपत्रे फाइलीतच राहतील.

वाटाघाटींच्या संदर्भात एक सावधगिरीही आवश्यक आहे. ‘भारत होरायझन युरोपशी संलग्न’ असा मथळा उद्या झळकला, तर त्याखालचा तपशील वाचला पाहिजे. न्यूझीलंड, कॅनडा आणि दक्षिण कोरिया हे देश अलीकडे संलग्न झाले, पण केवळ दुसऱ्या स्तंभापुरते, म्हणजे जागतिक आव्हानांवरील मोठ्या सामूहिक प्रकल्पांपुरते. क्यूरी योजना पहिल्या स्तंभात येते. भारतानेही तेवढ्यावरच समाधान मानले, तर मोठ्या संस्थांना मोठे प्रकल्प मिळतील. रायपूरच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचा खर्च मात्र पूर्वीसारखाच रायपूरच्या माथी राहील. पहिला स्तंभ मागायचा, आणि तो मिळेपर्यंत आपल्या महिन्यांचा खर्च आपण उचलायचा, अशी दुहेरी भूमिका भारताने घेतली पाहिजे.

बूढापाऱ्यातच माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. मराठी घरातल्या या माणसाने 1900 साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक काढले आणि पुढे दासबोध व लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत आणले. एका भाषेत मिळालेले धन दुसऱ्या भाषेच्या घरात नेऊन ठेवणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. देवाणघेवाण या शब्दाचा याहून नेमका अर्थ शोधून सापडणार नाही. हरिनाथ दे यांच्या बुद्धीला जग मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. पण एका परिसराने एक हरिनाथ जगाला द्यावा आणि त्याच्या बदल्यात फलक घ्यावा, एवढ्यावर कोणत्याही प्रदेशाचे विज्ञान उभे राहत नाही. सप्र्यांनी केले तसे, बाहेरचे आणून इथल्या मातीत रुजवणारे शेकडो लोक लागतात. त्यांत प्राध्यापक लागतात तसे तंत्रज्ञही लागतात, आणि लेखापालही.

तेव्हा यापुढे आंतरराष्ट्रीय सहकार्याची कोणतीही बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी करारावर सह्या करणाऱ्यांचे छायाचित्र बाजूला ठेवून तीनच प्रश्न विचारावेत. इथून कोण जाणार? किती महिन्यांसाठी? आणि त्याचे तिकीट कोण काढणार? या तीन प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील, तर तो अजून सहकार्याचा करार झालेला नाही. पाहुणे येणार असल्याचे केवळ कळवण्यात आले आहे.